बाभळीचा काटा

पोरांनो, जरा डोळे मिटा. तुम्ही बैलगाडी हाकताय असं समजा. दोन्ही हातांत कासरा आहे. रस्ता डावीकडे वळतोय आणि उजवीकडे दरी आहे. तुम्ही डावा कासरा ओढता. बैल वळत नाही. आणखी ओढता. तरी वळत नाही. त्याचे खूर काठाशी येतात, खालचे दगड सुटून दरीत गेल्याचा आवाज येतो, आणि तेवढ्यात बैल एकदम वळतो, हवा त्याहून जास्त वळतो. तुम्ही घाबरून उजवा कासरा ओढता. पुन्हा तेच. आधी काहीच नाही, मग एकदम.

डोळे उघडायच्या आधी तळहाताला घाम सुटलाय का ते बघा. सुटला असेल तर कचरूच्या हातांची आणि तुमची ओळख झाली. त्याच्या हातात कासऱ्याऐवजी जीपचं चाक होतं, एवढंच. आता डोळे उघडा आणि कचरूच्या पोरीचं ऐका. तिचं नाव तानी. ती चौथीत होती, म्हणजे तुमच्यातल्या काहीजणांएवढीच.

त्यांचं गाव वरखेड, घाटावर. बाजार, दवाखाना, कापसाचा व्यापारी, सगळं घाटाखाली, धामणगाव बढ्याच्या अंगाला. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या साली परतीच्या पावसानं घाटाची कड खचली. जिथं दोन गाड्या एकमेकींना वाट द्यायच्या तिथं एकच गाडी कशीबशी अंग चोरून निघू लागली. ऐन कापसाच्या तोंडावर गाड्यांचे आस मोडले, एकाचा बैल दरीत गेला. तेव्हा हिंमतराव पाटलांनी जीप आणली. कोरी करकरीत, हिरव्या रंगाची, चिखलातून आणि दगडातून चारही चाकं लावून चढणारी. ती चालवायला त्यांनी कचरूला बोलावलं. मलकापूरच्या एका कापसाच्या जिनात कचरूनं लॉरी चालवली होती. गावात गाडीचं चाक धरता येणारा तो एकटाच.

कचरूनं अकोल्याहून जीप आणली त्या दिवशी पाटलांच्या दारासमोर सगळं गाव जमलं. पाटलांनी हौसेनं स्वतः एक फेरी मारली आणि दंड चोळत खाली उतरले. मग पूजा. पाटलांची आई रुक्मिणीबाई, जिला सगळं गाव मोठी माय म्हणायचं, ती ताट घेऊन बाहेर आली.

"कचरू, जरा तिकडं लिंबाखाली थांब," ती म्हणाली. "पूजा होऊ दे. मंग तूच हाय अन् तुही गाडी हाय."

कचरू लिंबाखाली जाऊन पाठमोरा उभा राहिला. तानी मात्र गुरांच्या दगडी डोणीमागे लपून बसली होती. तिला नारळ फुटताना बघायचा होता.

नवी गाडी दारात आली की पहिला हात सुताराचा, अशी त्या गावची रीत. सुतार येणार, आस बघणार, चाक एकदा फिरवणार, नारळ आणि शेला घेणार, मगच गाडीला बैल जुंपायचे. जीप लोखंडाची असली तरी दारात आलेली गाडीच. मोतीराम सुताराला डावललं असतं तर तो वर्षभर पाटलांच्या औताला शिवला नसता.

म्हातारा मोतीराम जीपभोवती फिरला. टायर दाबून बघितले. वाकून खाली बघितलं.

"काही तकलीफ हाय का, पाटील?"

"चाक लय जड हाय बुवा. दंड भरून आले माहे."

"मंग आवळून देलं असन. कंपनीवाल्यायले काय मालूम. नवं चाक कधी आवळून बसवतेत का? जरा मोकळं ठेवा लागते. चालून चालून ते आपसूक बसते."

बैलगाडीच्या बाबतीत ते खरंच होतं. मोतीरामनं आयुष्यभर तसंच केलं होतं आणि त्याच्या हातची चाकं दहा गावांत धावत होती. तो पाना-पक्कड घेऊन जीपखाली शिरला. बाहेर फक्त गुडघ्यापर्यंतचं धोतर आणि भेगाळलेल्या टाचा राहिल्या.

तानी डोणीमागून सगळं बघत होती. वर माणूस चाक फिरवतो ते ओढणं पुढच्या टायरांपर्यंत नेणारा एक लोखंडी दांडा खाली असतो. त्याच्या टोकाला एक नट होता आणि नटातून आरपार एक पिन गेली होती. म्हाताऱ्यानं पिनेचे वाकवलेले पाय सरळ केले, ती उपसली, नट थोडा सैल केला. मग पिन परत घालायला लागला. पण नट फिरल्यामुळे त्याची खाच आणि बोल्टाचं भोक आता समोरासमोर येईनात. पिन आत जाईना. मोतीराम पुटपुटला, कूस बदलली, आणि त्याची नजर तानीवर पडली.

"ए पोट्टे, इकडं ये. त्या कुपाटीतून एक काटा दे बरं. चांगला जाड पाह्य."

तानीनं कुंपणाला रचलेल्या बाभळीच्या कुपाटीतला सगळ्यात सरळ, पांढराशुभ्र, बोटाएवढा लांब काटा मोडून आणला. काम मिळाल्याचा तिला आनंद झाला होता. मोतीरामनं तो भोकात तिरका घातला आणि पान्याच्या बुडानं हळूच ठोकला.

"बरा आणला. बाभूळ हे, लोखंडाच्या बापाले ऐकत नाई." मग त्यानं ती पिन तिच्या हातावर ठेवली. "घे. वेणीले लाव."

पिन चकचकीत होती आणि खरंच केसांच्या आकड्यासारखी दिसत होती.

तेवढ्यात मोठ्या मायनं लाल फडक्यात बिब्बा, मीठ, सुक्या मिरच्या घालून मोतीरामच्या हाती दिलं. "गाडीच्या तोंडापाशी बांध. अन् आइका सारे, हे फडकं कोणी सोडायचं नाई. लोकायची नजर वाईट हाय."

मोतीरामला हाताशी तीच जागा होती. काट्यावरून, नटावरून त्यानं फडकं गच्च गुंडाळलं आणि गाठीवर गाठ मारली. पाटलांनी पुन्हा चाक फिरवून बघितलं.

"वा. लोणी झालं आता."

मोतीरामला शेला मिळाला. कचरूला लिंबाखालून हाक आली.

पहिले काही दिवस कचरूलाही चाक हलकं वाटलं. पुढं वाटेनासं झालं. एके संध्याकाळी त्याची बायको जनकाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. दिवसभर पाटलांच्या शेतात कापूस वेचून तिच्या बोटांची टोकं बोंडांनी चिरली होती; पिठात मीठ होतं आणि ती मधूनमधून हात झटकत होती. कचरूनं कोपऱ्यातली रिकामी परात उचलली आणि दोन्ही हातांनी उभी धरली.

"हे पाह्य. इथून फिरवली." त्यानं परात जराशी डावीकडे वळवली. "काही होत नाई. आखीन फिरवली. तरी टायर जागचं हालत नाई. अन् मंग इथी आलं की एकदम वढते."

"मंग सांगा ना पाटलाले."

"सांगतलं."

पाटलांनी ऐकून घेतलं होतं. अकोल्याला जीप विकणाऱ्याकडे निरोपही पाठवला होता. तिथला माणूस म्हणाला, ह्या गाडीला पुढं अख्खा एकच आस असतो, दोन्ही चाकं त्यालाच जखडलेली, दगड एका चाकाला लागला की हिसका दुसऱ्याला बसायचाच. चाकाला थोडी ढिलाई असते, नवी गाडी आहे, ड्रायव्हरचा हात बसेल. त्यात खोटं काही नव्हतं. थोडी ढिलाई अशा गाडीला असतेच. पण कचरूची ढिलाई रोज वाढत होती, आणि वाढतेय हे फक्त त्याच्या मनगटांना कळत होतं. मनगटांचं कोण ऐकतो? आधी दोन बोटं होती, आता चार झाली असं त्यानं सांगितलं की पाटील म्हणायचे, "कचरू, ढिलाई गाडीत हाय का तुह्या हातात? भेव वाटत असन तं सांग. माह्या साळ्याचा पोट्टा पंजाबराव बसलाच हाय मलकापुरात, उद्या येते."

मग कचरू म्हणायचा, "नाई मालक. भेव कायचं."

घाटावरच्या भाषेत ड्रायव्हरला 'भेव' हा एकच शब्द बोलायची सोय नव्हती.

तानीला मात्र ते दिसायचं. बाप घाटातून परत आला की आधी पाण्याच्या रांजणापाशी जायचा. पेला तोंडाशी नेईपर्यंत अर्धं पाणी सदऱ्यावर सांडायचं. तो जेवायला बसला की घास हातातच राहायचा आणि दुसरा हात मांडीवर हळूहळू काहीतरी वळवत असायचा. खांद्याला जनकाबाई गरम तेल लावायची. तेव्हा तो डोळे मिटून घ्यायचा आणि घाटातली वळणं बोलून दाखवायचा. उंबराचं वळण. मोडक्या कठड्याचं वळण. आणि जिथं कड खचली ते.

"तिथी आलो की मी श्वासच घेत नाई," तो एकदा म्हणाला. जनकाबाईचा हात खांद्यावर थांबला, मग पुन्हा चोळू लागला.

गाडीखाली तो रोज शिरायचा. प्रत्येक नट हातानं धरून हलवायचा, प्रत्येक पिन बघायचा. एकच जागा राहायची, लाल फडक्याची. ते आता तेलानं आणि धुळीनं काळं पडून दगडासारखं झालं होतं. एकदा त्यानं नुसता त्यावरून हात फिरवला तर पाटलांचा सालदार जानराव गव्हाणीपासून म्हणाला, "कचरू, तिकडं हात नको लावू बे. तुमचे देव तुमी नदीत सोडून देल्ले. आमचे गाडीखाली तरी राहू द्या."

आजूबाजूचे हसले. जानराव तसा वाईट माणूस नव्हता, त्याला वाटलं तो गंमत करतोय. कचरूही हसला. तानी बापासाठी भाकरी घेऊन आली होती. बाप हसताना त्याचे कान लाल झालेले तिनं पाहिले.

घरी आल्यावर कचरू बायकोला म्हणाला, "म्या ते सोडलं, अन् दुसऱ्या दिवशी पाटलाची म्हैस जरी मेली, तं कोणाचं नाव येईन?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. मागच्या साली पाटलांच्या बैलाची घुंगरमाळ हरवली तेव्हा माणसं बौद्धवाड्यात शिरली होती. घराघरातली मडकी उपसली, ज्वारी अंगणात ओतली. माळ नंतर पाटलांच्याच गव्हाणीत सापडली. ओतलेली ज्वारी ज्याची त्यानं मातीतून वेचून घेतली. तानीनंही वेचली होती.

पौष लागला. पाटलांची लेक गीताबाई बाळंतपणाला माहेरी आली. पहिलटकरीण होती, चालताना भिंतीला हात धरायची. तिला आणायला कचरूच गेला होता, आणि त्या दिवशी घाट चढताना त्यानं गाडी इतकी सावकाश घेतली की मागून येणारी बैलगाडी त्यांच्यापुढं निघून गेली. संध्याकाळी पाटील एवढंच म्हणाले, "हे बाळंतपण निपटलं की पंजाबरावले बलावतो. तू कापसाच्या गाडीवर जाय."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. कचरूनं जीप धुवायला नाल्यावर नेली आणि तानीला बरोबर घेतलं. पाणी थंडगार होतं. तानी चिंधीनं चाकं पुसत होती आणि बाप गाडीखाली उताणा पडून चिखल खरवडत होता.

"बा, मीबी येऊ?"

"ये. डोकं सांभाळ."

ती सरपटत त्याच्या शेजारी जाऊन पडली. वर लोखंडाचं जंगल होतं. कचरूला पोरीला काही शिकवायला आवडायचं; तेवढ्या वेळात त्याचा आवाज पूर्वीसारखा व्हायचा.

"हा आस. बैलगाडीसारखाच, पाह्य. हा दांडा दोन्ही चाकायले एकाच टायमाले वळवते. अन् हा याचा नट. आता मले सांग, गाडी धडधड करते, तं नट सुटून काऊन पडत नाई?"

"काऊन?"

"हे पाह्य." त्यानं बोटानं दाखवलं. नटातून आरपार एक छोटी पिन गेली होती, तिचे दोन पाय दोन बाजूंना वाकवलेले. "ही जाऊ देत नाई त्याले. बैलगाडीच्या आसाले टोकावर खीळ असते ना, तशी. एवढीशीच असते, पण हे गेली का नट गेला, नट गेला का दांडा गेला. मंग वर बसलेल्यानं चाक फिरवत राहावं. खाली आइकाले कोणी नाई."

तानी पिनेकडे बघत राहिली. तिला थंडी वाजायला लागली. ओल्या जमिनीची होती ती असं तिला वाटलं.

"अन् त्या टोकाले? तिथीबी असते?"

"असते ना."

"तू पाह्यली?"

कचरूनं तिकडं मान वळवली. त्या टोकाला लाल फडकं होतं.

"कंपनीनं लावलीच असन," तो म्हणाला. "तिथी माह्या हाताले जागा नाई, माय."

तानीच्या वेणीत, रिबिनीच्या गाठीखाली, ती पिन होती. तिनं हात वर नेला नाही. हात नेला असता तर बापानं विचारलं असतं. तिला बाभळीची कुपाटी आठवली. किती निवडून निवडून तिनं तो काटा आणला होता. मोतीराम आजाला शिक्षा होईल? का ते म्हणतील, कचरूच्या पोरीनं गाडीची पिन चोरली आणि डोक्यात घालून गावभर मिरवली? ते म्हणतीलच. मग मडकी. मग ज्वारी. तिनं बापाकडं पाठ फिरवली.

"काय झालं व?"

"काही नाई."

संध्याकाळी तिनं सांगायचं ठरवलं. बाप खाटेवर खांदा धरून पडला होता. तिनं "बा" म्हटलं तर तो डोळे न उघडता म्हणाला, "उद्या माय. आज बोलू नको." ती चुलीपाशी गेली. जनकाबाई चिरलेल्या बोटांना तेल-हळद लावत होती.

"माय, तुले एक सांगू?"

"हात आग करून राह्यले माहे. सकाळी सांग."

तानीला बरं वाटलं. आणि बरं वाटल्याचीच तिला जास्त भीती वाटली. तिनं पिन वेणीतून काढली, मुठीत धरली, परत लावली. फेकून द्यावी असंही मनात आलं. पण फेकली तर जिथं पडेल तिथून ती बोलेल असं काहीतरी तिला वाटत राहिलं.

सकाळी उजाडता उजाडता जानराव धावत आला. त्याच्या पायात चप्पल नव्हती.

"कचरू, चाल. गाडी काढ. गीताबाईचं काही खरं नाई."

कचरू सदरा घालत निघाला. जनकाबाई त्याच्यामागं, आणि त्यांच्यामागं तानी. पाटलांच्या दारात बायका जमल्या होत्या. आतून येणारा आवाज गाय हंबरावी तसा होता. सुईण अन्नपूर्णाबाई बाहेर आली, हात कोपरापर्यंत ओले. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, पण आज तिचा चेहरा मातीसारखा झाला होता.

"लेकरू आडवं हाय पाटील. माह्या हातचं नाई. दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता."

चौघांनी गीताबाईला बाजेसकट उचलून आणलं. जीपच्या मागच्या भागात गादी घातली. मोठी माय मांडीवर तिचं डोकं घेऊन बसली. अन्नपूर्णाबाई पायाशी. गीताबाईनं एका हातानं गाडीची कड धरली होती. बोटं पांढरी पडली होती.

कचरूनं सगळं पाहिलं. मग तो पाटलांच्या जवळ गेला आणि पहिल्यांदाच तो शब्द बोलला.

"मालक, मले भेव वाटते. चाक काल लय ढिलं होतं. खचल्या कडेपाशी..."

पाटलांनी त्याच्याकडे बघितलं. त्या दिवशी त्यांनी टोमणा मारला नाही. त्यांचे ओठ सुकले होते.

"भेव मलेबी वाटते, कचरू. लेक माही हाय. बैलगाडीनं दुपार होईन. तवर ते राहीन का? सांग तूच."

कचरू जाऊन बसला. पाटील शेजारी बसले. इंजिन घुरघुरलं. जनकाबाईनं पदराचं टोक दातांत धरलं. गर्दी मागं सरकली, वाट मोकळी झाली.

तानी वाटेत उभी होती.

"सरक व," जानराव म्हणाला.

ती सरकली नाही. तिला लोखंडी तोंड दिसत होतं आणि काचेमागं बापाचा चेहरा. रोज घाटातून आल्यावर असायचा तसा तो चेहरा होता, आज तर घाटात जायच्या आधीच. कचरूनं हात हलवला, बाजूला हो. तानी खाली बसली, मग पोटावर पडली, आणि गाडीखाली शिरली.

बायका ओरडल्या. कचरूला ती दिसेनाशी झाली, पण इंजिनाच्या आवाजात कुणी काय ओरडतंय ते त्याला कळेना. ती बाजूला झाली असं समजून त्यानं सवयीनं चाक वळवून बघितलं.

खालून तानीनं ते बघितलं. बाप इतके दिवस वरून जे सांगत होता ते तिला खालून दिसलं. दांडा सरकला. लाल फडकं हिसक्यानं पुढं गेलं, आत काहीतरी खुळखुळलं. टायर जागचा हलला नाही. दांडा मागं गेला, फडकं मागं. टायर तिथंच. तिच्या कपाळाशी, विताएवढ्या अंतरावर. तेलाचा गरम थेंब तिच्या गालावर पडला.

तिनं दोन्ही हातांनी फडकं धरलं. गाठ सुटेना. तेल, धूळ, दोन महिन्यांचा चिखल. नखं वाकली. तेव्हा तिनं मान उचलली आणि गाठीत दात रोवले. तोंडात रॉकेलसारखी, मिरचीसारखी चव भरली. तिला ओकारी आली. तिनं सोडलं नाही. वर माणसं आता नक्कीच तिच्या बापाचं नाव घेत होती. कुणीतरी तिचा पाय धरून ओढला. तिनं दांड्याला मिठी मारली.

गाठ सुटली. मीठ तिच्या डोळ्यांत पडलं, बिब्बा घरंगळत गेला. इंजिन बंद झालं होतं, कधी ते तिला कळलं नाही. एकदम शांत झालं आणि त्या शांततेत फक्त गीताबाईचं कण्हणं ऐकू येत होतं.

"बाहीर ये व माय," कचरूचा आवाज आला. तो हातापायांवर वाकून खाली बघत होता. त्याला नट दिसला होता. तो शेवटच्या एका आट्यावर लटकत होता. भोकात तेलानं काळा पडलेला अर्धा काटा अडकला होता. उरलेला अर्धा कुठल्या तरी वळणावर केव्हाच पडून गेला होता.

पाटीलही खाली उतरून गुडघ्यांवर बसले. त्यांनी नट बघितला. मग घाटाकडं जाणाऱ्या रस्त्याकडं बघितलं. गर्दीत मोतीराम उभा होता. त्याच्या खांद्यावर तोच शेला होता. त्यानं वाकून बघितलं आणि शेल्याचं टोक तोंडावर धरलं.

मोठ्या मायला मागून काहीच दिसत नव्हतं. तिला फक्त चाकाखालून घरंगळत आलेला बिब्बा दिसला.

"कोणं सोडली गाठ?" ती म्हणाली. "ऐन येळेवर, माही नात अशी मरणाच्या दारात असतानी, कोणं सोडली?"

जानरावनं मान खाली घातली. कचरू सरळ उभा राहिला. त्यानं हात धोतराला पुसले, एकदा जनकाबाईकडं बघितलं आणि तोंड उघडलं.

"मोठी माय, म्या..."

"म्या सोडली," तानी म्हणाली.

ती गाडीखालून बाहेर आली होती. ओठ चिरला होता, डोळे मिठानं लाल झाले होते, हनुवटीवरून काळं तेल ओघळत होतं. तिनं हात वेणीत घातला, रिबिनीची गाठ ओढली आणि पिन काढली. सगळ्यांना दिसेल अशी तिनं ती वर धरली.

"मोतीराम आजानं मले देल्ली होती. काटाबी म्याच आणून देल्ला होता."

एवढं बोलून तिनं पिन बापाच्या तळहातावर ठेवली. मग कोण काय म्हणतं त्याची वाट न बघता ती ड्रायव्हरच्या बाकाशी गेली, त्याखालचा पाना ओढून काढला, आणि बापाच्या आधी पुन्हा गाडीखाली शिरली.